सर्वदिश की बहुदिश?

वॉशिंग्टन व बाल्टिमोर ह्यांच्या मधल्या पट्ट्यातील प्रेक्षकास दोन्ही शहरांची दूरचित्रवाणी केंद्रे हवी असतात. ती मात्र जवळजवळ विरुद्ध दिशांस आहेत. अँटेना फिरविणारे यंत्र टाळावयाचे, म्हणून त्यास ‘सर्वदिश’ अँटेना सुचविली जाते. येथे संज्ञेनेच दिशाभूल केली आहे. गरज दोन दिशांची आहे. चोहोंकडे सारखाच कान देणारी अँटेना कोणत्याही एका दिशेचा क्षीण संदेश उचलून धरीत नाही. इमारतींवरून परतलेल्या लहरी मात्र निमूटपणे आत घेते.

‘बहुदिश’ हा शब्दही निर्दोष नव्हे. दोन यागी अँटेना (उदा ह्यांचे नाव व्यवहारात गळालेच आहे) एका तारेत जोडल्या की काम झाले, असे त्यात गृहीत असते. वस्तुतः एकाच केंद्राची लहर दोहोंतून भिन्न कलेने येते आणि काही वारंवारतांवर स्वतःसच खोडते. पूर्वी हे क्षीणत्व पडद्यावर ‘मुंग्यां’च्या रूपाने दिसे, अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबल्यावर चित्र एकदम तुटते, व दोष केंद्रास लागतो.

दोन अँटेना, दोन तारा आणि संचाजवळ एक बदलकळ, ही रचना अधिक प्रामाणिक होय. तीस ‘पर्यायदिश’ म्हणावे.