सुभाषितांचे संग्रह

मुंजींत व वाढदिवसांस सुविचारांचे संग्रह भेट देण्याची चाल आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. असे संग्रह आम्हीही आवडीनें वाचतों. त्यांची थट्टा करण्याचा आमचा मानस नाहीं. परंतु अलीकडच्या बहुतेक संग्रहांतील सर्व वचनें एकाच सुरांत बोलतात. उद्योग करा, धीर धरा, यश तुमचेंच आहे! पान उलटावें तों पुन्हां तेंच.

याच्या जोडीस काशिनाथ पांडुरंग परब यांनीं निर्णयसागरासाठीं सिद्ध केलेला 'सुभाषितरत्नभांडागार' ठेवून पाहावा. तेथें धनाची स्तुति आहे, तशी धनाची निंदाही आहे. उद्योगाचा महिमा आहे, तसा दैवाचाही आहे. हा विरोध संग्राहकाच्या ध्यानांत आला नसेल, असें कोण म्हणेल? व्यवहारांत दोन्ही वचनें खरीं ठरतात. कोणतें केव्हां लागू करावें हें वाचकानें ठरवावयाचें, आणि त्यांतच त्याचें शिक्षण आहे. आळसावलेल्या मुलास उद्योगाचें वचन ऐकविणें योग्यच. पण राबून राबून ज्याचा धंदा बुडाला, त्यास तेंच ऐकविणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. अशा एका घरीं तें वचन चौकटींत बसवून भिंतीवर टांगलेलें आम्हीं पाहिलें आहे. तें भेट देणाराचा हेतु चांगलाच होता.

जुन्या संग्राहकांची दृष्टि किती मोकळी होती, हें विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोशा'वरून दिसतें. इ. स. ११०० च्या सुमाराचा हा संग्रह कोसंबी व गोखले यांनीं संपादिला, तो १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. विद्याकर बौद्ध, त्यानें बुद्धास अग्रस्थान दिलें, पण शिव व विष्णु यांचे श्लोकही घेतले आणि शृंगारासही भरपूर जागा दिली!

कर्त्याच्या नांवाविषयीं मात्र जुन्यांचाही हात सैल होता. दामोदर कोसंबी यांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची आवृत्ति काढली. शतकें तीन, पण सर्व परंपरांत सामान्यतः आढळणारे श्लोक सुमारें २००च निघाले. बाकीचे श्लोक भर्तृहरीच्या नांवावर जमत गेले. आजचे संग्राहक तर कर्त्याचें नुसतें नांव छापून मोकळे होतात. मूळ ग्रंथ कोणता, प्रसंग कोणता, बोलणारें पात्र शहाणें कीं लबाड, यांसाठीं त्यांजपाशीं एक ओळ नसते. वचनाभोंवतालच्या वेलबुट्टीस मात्र अर्धें पान मिळतें.