पानं मोजणारी माणसं

पत्ते खेळणाऱ्या मराठी घरात एक व्यक्ती अशी असते, की तिला आपल्या बाजूला घ्यायला सगळे टपलेले असतात आणि विरुद्ध बाजूला बसवायला कोणी तयार नसतं. बहुधा ती एखादी मावशी किंवा आत्या असते. मेंढीकोटाचा डाव रंगात आलेला असताना तिचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं आणि उरलेलं अर्धं झोपलेल्या नातवाकडे. तरीही शेवटून तिसऱ्या हाताला ती शांतपणे सांगते, "इस्पिकची मेंढी अजून बाहेर पडलेली नाही. तुझ्याकडेच आहे. टाक आता." ह्या बायका काही गणिताच्या पदवीधर नसतात. गेलेली पानं त्यांच्या लक्षात असतात, इतकंच.

हाच उद्योग एखाद्या अमेरिकन प्राध्यापकाने केला म्हणजे त्याचं पुस्तक होतं, पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघते आणि लास व्हेगासच्या कॅसिनोवाल्यांना घाम फुटतो. प्राध्यापकाचं नाव एडवर्ड थॉर्प. पुस्तकाचं नाव 'बीट द डीलर', म्हणजे 'पत्ते वाटणाऱ्याला हरवा'. साल 1962. जुगाऱ्यांच्या जगात ह्या पुस्तकाला पोथीचा मान आहे. आणि पोथ्यांचं जे होतं तेच ह्याचंही झालं. पूजा पुष्कळांनी केली, वाचली थोड्यांनी, आचरणात आणली त्याहून थोड्यांनी. ह्यात दोष वाचकांचा किती आणि पोथीचा किती, हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

आधी खेळ सांगतो. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसचा खेळ. प्रत्येकाला दोन पानं मिळतात. हवी तर आणखी मागायची, बेरीज 21 च्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. ओलांडली की डाव गेला. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का सोयीप्रमाणे एकाचा किंवा अकराचा. वाटणाऱ्याला मात्र स्वतःची अक्कल चालवायची परवानगी नाही. सोळापर्यंत त्याने पान घेतलंच पाहिजे, सतरा झाले की थांबलंच पाहिजे. नियमावर बोट ठेवून काम करणारा खिडकीवरचा कारकूनच तो! आणि तुम्हाला पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं, तर दीडपट बक्षीस.

थॉर्पसाहेबांच्या लक्षात आलेली गोष्ट तशी साधी होती. रूलेटच्या चक्राला आठवण नसते. मागच्या खेपेला कुठला आकडा आला, ह्याचं त्याला सोयरसुतक नसतं. पत्त्यांच्या कॅटाला मात्र आठवण असते. एकदा गेलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. म्हणजे उरलेल्या पानांत दहाची पानं जास्त असली, तर नियमाने बांधलेला तो वाटणारा सोळावर पान घेऊन अधिक वेळा 21 च्या पार जाणार आणि आपल्याला ते दीडपट बक्षीस अधिक वेळा मिळणार. वाटणाऱ्यालाही एक्का-दश्शी तितक्याच वेळा येईल. पण त्याला दीडपट नाही. हे सगळं त्यांनी एम.आय.टी.मध्ये असताना आय.बी.एम.च्या 704 ह्या संगणकावर तपासून घेतलं आणि जानेवारी 1961 मध्ये वॉशिंग्टनला गणितज्ञांच्या अधिवेशनात वाचून दाखवलं.

त्यांनी पुस्तकात मांडलेली मुख्य पद्धत काय होती, तर दहाची पानं मोजणं! कॅटात दहाच्या किमतीची 16 पानं, बाकीची 36. छत्तीसाला सोळाने भागलं की सव्वादोन. पानं पडत जातील तसतसा हा भागाकार मनातल्या मनात करत राहायचा. आकडा सव्वादोनाच्या बराच खाली आला की पैज वाढवायची, वर गेला की कमीत कमी लावायची. मेंढीकोट खेळणाऱ्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. प्राध्यापकमजकूर मेंढ्याच मोजत होते; फक्त त्यांच्या कॅटात मेंढ्या चारच्या सोळा झाल्या होत्या. हा भागाकार भल्याभल्यांना जमेना, म्हणून 1966 च्या आवृत्तीत सोपी रीत आली: दुर्री ते छक्की गेली की अधिक एक, दश्शी ते एक्का गेला की उणे एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीकडे दुर्लक्ष. पहिलीतल्या मुलाला जमेल.

आता परीक्षण. पुस्तकाचा निम्मा भाग कोष्टकांचा आहे आणि तो चोख आहे. कुठल्या बेरजेवर थांबावं, कुठे पैज दुप्पट करावी, ह्याचे तक्ते आहेत. ते पाढ्यांसारखे पाठ करायचे आहेत आणि पाढे जितके रंजक असतात तितकेच तेही रंजक आहेत. दुसरा भाग हकीकतीचा. दोन श्रीमंत गृहस्थांनी पुरवलेलं 10 हजार डॉलरचं भांडवल घेऊन प्राध्यापक नेवाडात जातात आणि सुमारे 11 हजार जिंकून येतात. ही हकीकत इतकी सुरस आहे, की वाचक कोष्टकं ओलांडून थेट तिच्यावर उडी मारतो. माझी पहिली तक्रार हीच आहे. औषधाच्या गोळीपेक्षा वरचा गूळ जास्त झाला, की मूल गूळ चाटतं आणि गोळी फेकून देतं.

कारण गोळी कडू आहे. बिनचूक मोजणाऱ्याच्या वाट्याला जो फायदा येतो तो साधारण शेकडा एक. दर डावाला सरासरी 100 रुपये लावून तासाला 100 डाव खेळलात, तर हिशेबाने तासाला 100 रुपये सुटतात. आणि त्याच तासात हजार-अकराशे रुपये इकडे किंवा तिकडे होणं ही नेहमीची गोष्ट. असे 100 तास घड्याळाकडे, शेजारणीकडे आणि फुकटच्या दारूकडे न बघता मोजत राहिलात, तरी पाचातला एक जण साधारण तोट्यातच उठतो. जुगारी ज्या थरारासाठी तिथे जातो, तो ह्या विद्येत औषधालाही नाही. आहे ती कारकुनी: जमा, खर्च, शिल्लक आणि मिटलेलं तोंड.

म्हणून मला वाटतं, पुस्तकातलं सगळ्यांत महत्त्वाचं पात्र प्राध्यापक नव्हे. भांडवल पुरवणाऱ्या त्या दोघांपैकी एक, ज्याला पुस्तकात 'मिस्टर एक्स' म्हटलं आहे, तो. हा मॅनी किमेल नावाचा मुरलेला सट्टेबाज, हे पुढे उघड झालं. पानं केव्हा अनुकूल आहेत आणि केव्हा नाहीत, हे सांगणारा माणूस त्याच्या सोबत होता. अशी सोय धर्मराजालाही नव्हती. तरी एका रात्री डाव उलटल्यावर प्राध्यापक म्हणतात "चला", आणि मिस्टर एक्स टेबल सोडायला तयार होत नाहीत. विनवण्या होतात, ओढाओढ होते. शेवटी स्वारी उठते तोवर जिंकलेल्यातले हजारो डॉलर जिथून आले होते तिथे परत गेलेले असतात. शिकवणी शेजारी बसलेली, आणि विद्यार्थी नापास!

थॉर्प हा प्रसंग गमतीने सांगतात आणि पुढे सरकतात. टीकाकाराला इथे त्यांचा हात धरावासा वाटतो. अहो, तुमच्या पुस्तकाचं मर्म ह्या एका प्रसंगात आहे. पानं मोजणं यंत्राला जमलं, तुम्हाला जमलं, आमच्या मावशीला तर जन्मतःच जमलेलं आहे. उठणं कोणाला जमलं? उठण्याचं कोष्टक तुमच्या पुस्तकात मिस्टर एक्सच्या उपयोगी पडेल असं कुठे आहे?

कॅसिनोवाल्यांनाही हे उशिराच कळलं. पुस्तकाच्या धास्तीने लास व्हेगासवाल्यांनी 1964 साली नियम कडक केले. त्यासाठी मुहूर्त शोधला तो 1 एप्रिलचा. गिऱ्हाईक रुसलं, टेबलं ओस पडली आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. पुस्तक घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण मिस्टर एक्सचेच चुलतभाऊ आहेत, हे मालकांच्या ध्यानात आलं. 'आपल्याला विद्या येते' ह्या भरवशावर हरणारा माणूस नुसत्या नशिबावर हरणाऱ्यापेक्षा जास्त वेळ बसतो. खऱ्या मोजणाऱ्यांसाठी मालकांनी वेगळी तजवीज केली: एकाऐवजी सहा-आठ कॅट, पिसायची यंत्रं, दीडपटीऐवजी पाचाला सहा असं बक्षीस, आणि नेवाडात तर सरळ "आपण या आता". न्यू जर्सीत 1982 साली केन उस्टन नावाचा मोजणारा थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन जिंकला. डोकं वापरतो म्हणून कॅसिनोने माणसाला बाहेर काढू नये, असा निकाल झाला. डोकं वापरण्याच्या हक्कासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, असा धंदा हा.

पोथीनंतर कीर्तन येतं. इथे ते 2008 साली आलेल्या '21' ह्या चित्रपटाच्या रूपाने आलं. एम.आय.टी.ची मुलं टोळी करून पानं मोजतात, ह्या खऱ्या गोष्टीवर आधी एक बरंचसं रचलेलं पुस्तक झालं आणि त्यावर हा चित्रपट. समीक्षकांनी त्याला झगमगाटाबद्दल नावं ठेवली. मला मात्र त्यात एक जागा मोलाची वाटते. हुशार नायक एका रात्री मनातून बिथरतो, उठायची खूण झाल्यावरही उठत नाही, मोजणं सोडून नुसता खेळत राहतो आणि दोन लाख डॉलर घालवतो. गुरू भडकतो तो पैसे गेले म्हणून तर भडकतोच, पण त्याहून जास्त, पोरगा जुगार खेळला म्हणून! मोजणारा आणि जुगारी एकाच टेबलावर, एकाच खुर्चीत, एकाच कोटात बसलेले असतात, हे त्या प्रसंगात दिसतं. बाकी हा नायक जिंकलेल्या नोटा वसतिगृहाच्या छताच्या पोकळीत ठेवतो. मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाचा जीव कॅसिनोत वरखाली झाला नसेल इतका त्या छताखाली होतो. अरे, निदान पोस्टात तरी टाक!

आपल्याकडे हौशी माणसाला मांडवीतल्या बोटी आहेत. महाराष्ट्राने मात्र कमाल केली. 1976 साली कॅसिनोंचा कायदा केला, कधी अमलात आणला नाही आणि 2023 साली तो रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं टेबलाशी बसून, एकही डाव न लावता, खिशाला तोशीस न लावता उठलेला एवढा संयमी खेळाडू जगात दुसरा नसेल.

पण उठण्याची विद्या आपल्याकडे ह्याहून जुनी आहे, आणि ती विदर्भाच्या वाटेवर सापडते. महाभारतातल्या वनपर्वात नलाची कथा आहे. द्यूतात राज्य घालवून तो ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाने सारथी झाला आहे. रथ अयोध्येहून विदर्भाकडे धावतो आहे. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं आणि ऋतुपर्ण जाता जाता सांगतो, ह्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि फळं 2095. राजाला दमयंतीच्या स्वयंवराची घाई. पण बाहुक हट्टाला पेटतो. रथ थांबवून मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणतो आणि मोजतो. हिशेब बरोबर! मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात तो राजाकडून फाशांची विद्या घेतो, आणि ती येताच अंगातला कली बाहेर पडतो. फासे त्या काळी बेहड्याच्या फळांचेच असत, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. पुढे नल पुष्कराशी एकच डाव खेळतो. एकच! राज्य परत मिळतं. हरलेल्या भावाला तो त्याचा वाटा देऊन मानाने घरी पाठवतो आणि कथेत पुन्हा फासे हातात धरत नाही. ही कथा ऐकवून बृहदश्व ऋषी तीच विद्या युधिष्ठिराला देतात, म्हणजे परीक्षेत नापास झाल्यावर शिकवणी लागते. युधिष्ठिराने तिचं पुढे काय केलं? विराटाच्या पदरी कंक होऊन फाशांचीच नोकरी धरली. जुगारापेक्षा नोकरी बरी, हा निष्कर्ष थेट महाभारतातला आहे.

महाभारतकारांनी मोजणं आणि कली उतरणं एकाच झाडाखाली ठेवलं. थॉर्पसाहेबांच्या पुस्तकात मोजणं आहे, कली उतरवायचा राहिला. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अंगात तो कधी शिरलाच नव्हता. पुस्तकाने जगाला ब्लॅकजॅकचं वेड लावलं आणि लेखक टेबलावरून उठून शेअरबाजाराच्या गणिताकडे वळला. 1969 साली गुंतवणुकीचा फंड काढला आणि तिथे जन्माची बरकत केली. 'बीट द डीलर'चं खरं शेवटचं प्रकरण ते आहे, आणि ते पुस्तकात छापलेलं नाही. कोणी मराठीत भाषांतर करणार असेल, तर कोष्टकं जशीच्या तशी ठेवावीत, नेवाडाची हकीकत थोडी आवरावी आणि मिस्टर एक्सचा प्रसंग उचलून पहिल्या पानावर घालावा. खप निम्मा होईल. पण घेणाऱ्याचे पैसे वाचतील, आणि पैसे वाचवण्यासाठीच तर त्याने पुस्तक घेतलं होतं.