मेळ बसला, पण बैठक?

संगीतावर टीका करण्याचा तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो : बी.कॉम., दुसरा वर्ग. शिवाय सोसायटीच्या भजनी मंडळात गेली अठरा वर्षं मी पेटी वाजवतो. म्हणजे मी वाजवतो आणि मंडळ सहन करतं. तेव्हा पुढचा मजकूर एवढ्याच भांडवलावर काढलेलं कर्ज आहे. वाचकांनी तारण तपासून घ्यावं.

एका रविवारी मी पेपरातलं कोडं सोडवत बसलो होतो. आतल्या खोलीतून असा आवाज आला की सौ. हातातली कणीक तशीच टाकून धावत आली. "अहो, ते मशीन बंद करा! आत काहीतरी अडकलंय!"

मशीन बंदच होतं. चालू होतं ते संगीत.

"बाबा, ऐक ना. हे फोक मेटल आहे," चिरंजीव म्हणाले.

लोकसंगीत अधिक धातू. प्रमाण किती, ते विचारायचं नसतं. एकीकडे कानाला झिणझिण्या आणणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारी, पायांनी बडवलेले ढोल, आणि गाणारा असा की घशाच्या डॉक्टरांनी त्याला दत्तक घ्यावं. दुसरीकडे व्हायोलिन, बासरी, अकॉर्डियन अशी गावच्या जत्रेतली साधीभोळी मंडळी. इंग्लंडच्या 'स्कायक्लॅड'ने 1991 साली आपला पहिला संग्रह काढला आणि या लग्नाची सुपारी फुटली, असं मानतात. मग वऱ्हाड वाढलं. फिनलंडच्या 'फिनट्रोल'ने तिकडच्या हुम्पा नावाच्या नाचाच्या चाली घेतल्या आणि गाणी मात्र स्वीडिश भाषेत म्हटली. स्वित्झर्लंडचे 'एलुवेटी' तर गॉलिश भाषेत गातात. ही भाषा बोलणारा शेवटचा माणूस जाऊन हजाराहून जास्त वर्षं झाली. उच्चार चुकला म्हणून तक्रार यायची भीती नाही! आपल्या दिल्लीच्या 'ब्लडीवुड'नेही ढोल आणि बासरी घेऊन 2022 साली 'रक्षक' नावाचा संग्रह काढला.

पण चिरंजीवांनी लावलं होतं ते 'फोकअर्थ'. हे प्रकरण निराळं. हा वाद्यवृंद नव्हे, हा प्रकल्प. ग्रीसमधला कुणी गीत लिहितो, स्वीडनमधला कुणी गिटार वाजवतो, आणखी कुठल्या देशातला बासरी फुंकतो. ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी आपला तुकडा ध्वनिमुद्रित करून पाठवायचा आणि कुणीतरी सगळे तुकडे जोडायचे. एकेका संग्रहावर डझन-दीड डझन, कधी त्याहूनही जास्त नावं. 2004 साली 'अ नॉर्डिक पोएम' आला, 2006 साली 'बाय द सोर्ड ऑफ माय फादर', 2007 साली 'ड्रॅकार्स इन द मिस्ट'. ड्रॅकार म्हणजे व्हायकिंगांचं गलबत. पुढे तर रिकरिंगच्या हप्त्यासारखे संग्रह येत राहिले.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण हा धंदा मी ओळखतो. बँकेत याला शाखांतर्गत हिशेबांचा मेळ म्हणत. त्या शाखेने नावे टाकलं, या शाखेने जमा केलं, मधली चिठ्ठी टपालात. बँकेत सगळं संगणकावर जाण्याआधी मी नोकरीला लागलो, तेव्हा त्या चिठ्ठ्या शोधण्यात माझी तरुण वर्षं गेली. तीन शाखांचा मेळ बसवताना आम्हाला घाम फुटायचा, आणि हे लोक इतक्या देशांचा मेळ बसवून वर त्यात बासरी वाजवतात!

मी पहिला संग्रह अथपासून इतिपर्यंत ऐकला, दोनदा. दुसऱ्यांदा कानात कापूस न घालता.

जमेची बाजू आधी सांगतो. चाली गोड आहेत. गुरगुरणारा गडी दमला की मध्येच एखादी बाई स्वच्छ गळ्याने गायला लागते आणि भर दुपारी माठातलं पाणी मिळाल्यासारखं वाटतं. व्हायोलिनचे तुकडे तर मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर गुणगुणत होतो. एका खातेदाराने "साहेब, आज पगारवाढ का?" म्हणून विचारलं.

आता नावे बाजू. गाण्यागाण्यांत एकच घर दिसत नाही, बिऱ्हाडं वेगवेगळी वाटतात. एक गाणं दिवाणखान्यात वाजतंय, दुसरं मोरीत. वाद्यं फार सभ्य आहेत. बासरीची पाळी आली की बासरी येते, आपलं काम करते आणि खुर्ची मोकळी करून जाते. कुणी कुणाचं बोट धरत नाही, कुणी कुणाच्या पायात येत नाही. लोकसंगीत असं नसतं हो! आमच्या भजनात मी काळी चारऐवजी काळी पाच दाबली की पखवाजवाले नाना मान न वळवता एक थाप अशी देत की माझं बोट आपोआप जागेवर यायचं. चूक करणारा एक, सावरणारे सहा, त्याला बैठक म्हणतात. इथे मेळ पैपर्यंत बसलाय, बैठक मात्र बसलेली नाही.

आणि 'लोक' कुठले? घरी झ्यूसचं खातं असताना ग्रीक माणूस ओडिनच्या शाखेत ठेवी का ठेवतो? हा आक्षेप मी चिरंजीवांपुढे मोठ्या विजयाने मांडला.

"बाबा, हागिया सोफियात जाऊन बघ," तो म्हणाला.

इस्तंबूलला जाणं आमच्या रजा-प्रवास सवलतीत बसत नसल्याने मी पुस्तकात बघितलं. ते शहर कॉन्स्टॅन्टिनोपल होतं तेव्हा तिथल्या ग्रीक बोलणाऱ्या सम्राटांच्या पदरी उत्तरेकडच्या व्हायकिंगांची फौज होती, व्हॅरेन्जियन गार्ड नावाची. त्यांच्यातल्याच कुणीतरी त्या भव्य देवळाच्या संगमरवरी कठड्यावर आपल्या रून लिपीत नाव कोरून ठेवलं आहे : हाफदान. 1964 साली ते लोकांच्या ध्यानात आलं. सिंहगडावर नावं कोरणारे आपले वीर एकटे नाहीत, हा दिलासा वेगळाच. पण ग्रीस आणि स्वीडन यांच्यातलं हे इतकं जुनं व्हाउचर सापडल्यावर माझा आक्षेप मला मागे घ्यावा लागला.

बैठकीचा आक्षेप मात्र मी सोडला नव्हता. तो सोडवला आमच्याच मंडळाने.

2020 साली सगळं बंद झालं तेव्हा आषाढी एकादशीचं भजन आम्हीही असंच केलं होतं. एक टाळकरी मुलाकडे न्यू जर्सीला अडकलेला, एक नागपूरला, बाकीचे एकाच सोसायटीत असून सात कुलपांआड. प्रत्येकाने फोनवर आपापला भाग वाजवून पाठवला आणि चिरंजीवांनी जोडला. भजन तालात होतं, सुरातही होतं. त्या दिवशी कधी नव्हे ते मी काळी चारच दाबली होती. आणि तरी ते ऐकताना आम्ही सगळे गप्पच राहिलो. कुणी "वा" म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी नाना गेले.

फोकअर्थवर हा लेख लिहायला बसलो तेव्हा चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, नानांचा एकट्याचा तुकडा आहे माझ्याकडे. ऐकायचाय?" जोडताना त्याने सुरुवातीची काही सेकंदं कापली होती. ती मी पहिल्यांदाच ऐकली. खुर्ची सरकल्याचा आवाज. खोकला. आणि मग नाना, बंद खोलीत, समोर चिटपाखरू नसताना, नेहमीच्या दरडावणीच्या सुरात म्हणतात : "हं, चला. धरा."

कोणाला म्हणाले असतील? आम्हालाच की.

त्यानंतर 'अ नॉर्डिक पोएम' मी तिसऱ्यांदा ऐकला. माझं मत फारसं बदललेलं नाही. संग्रह ओबडधोबड आहे, मोरीतलं गाणं अजून मोरीतच आहे, आणि एखाद्या वर्षी हप्ता चुकवून त्यांनी एकाच संग्रहावर जास्त मेहनत घेतली असती तर बरं झालं असतं. फक्त 'बैठक बसलेली नाही' हे वाक्य मी खोडायला निघालो आणि पेन्सिलीने कंसात टाकलं. त्या प्रत्येक तुकड्याच्या आधी, कुठल्या तरी देशातल्या बंद खोलीत कुणी खुर्ची सरकवली असेल, घसा साफ केला असेल. जोडणाऱ्याने ते कापलं. संगीताच्या दृष्टीने बरोबरच केलं. पण मला ते ऐकायचं होतं.

"अहो, मशीन लावलंय का?" सौ.ने आतून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी लावलंय."