पत्ता की ओळख? : लस्टरच्या मार्गयोजनेचे परीक्षण

एखाद्या यंत्रणेचे गुणदोष तिच्या वेगापेक्षा तिच्या नामकरणपद्धतीत अधिक स्पष्ट दिसतात. लस्टर या वितरित फाइलप्रणालीच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे. १९९९ मध्ये पीटर ब्राम यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात आरंभिलेली ही प्रणाली हजारो संगणकांना एकच सामाईक साठा उपलब्ध करून देते. तिच्या दळणवळणाचा भार 'एलनेट' हा स्तर वाहतो. प्रस्तुत टिपणात त्याच्या पत्त्यांचा व मार्गांचाच तेवढा विचार करावयाचा आहे.

एलनेटच्या पत्त्यास दोन अंगे असतात : यंत्राचा क्रमांक व जाळ्याचे नाव. '१०.१.०.५@टीसीपी१' हा इथरनेटवरील पत्ता, '१०.२.०.५@ओ२आयबी१' हा इन्फिनिबँडवरील. यांतील जाळ्याचे नाव हा या योजनेचा खरा गुण होय. नावातील पहिला भाग तारेची जात सांगतो. पुढील अंक मात्र व्यवस्थापकाच्या इच्छेचा असतो. त्यामुळे एकाच तारांवर अनेक जाळी कल्पिता येतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने या मोकळीकीचा उत्तम उपयोग केला. तेथील टायटन (२०१२-२०१९) या महासंगणकाची १८,६८८ गणनयंत्रे ४४० राउटरांच्या द्वारे साठ्याशी जोडलेली होती. साठ्याकडील जाळे अनेक नावांनी विभागल्यामुळे संदेशास सोयीचा राउटर नेमून देता आला, आणि वाटेतील गर्दी पुष्कळ अंशी टळली.

तथापि याच योजनेत एक मूलभूत गल्लत आहे. सर्व्हरचा पत्ता हे केवळ त्याचे ठिकाण राहत नाही; फाइलप्रणालीच्या संरचना-नोंदीत तीच त्याची ओळख म्हणून कोरली जाते. घर बदलताच माणसास कोणी ओळखू नये, तसा हा प्रकार आहे. पत्ते बदलावयाचे तर सारी प्रणाली थांबवून नोंदी नव्याने लिहाव्या लागत. पुढे पत्ते बदलून देणारी आज्ञा आली. श्रम कमी झाले, पण थांबणे टळले नाही. २०१७ मधील २.१० या आवृत्तीने एका यंत्राचे अनेक पत्ते एकत्र बांधले खरे. परंतु त्यांतील एकास 'प्राथमिक' ठरवून ओळख पुन्हा पत्त्यालाच चिकटविली.

या योजनेच्या बाजूने असे म्हणता येईल की, स्वतंत्र नामसेवा ठेवली असती तर बिघाडाचे आणखी एक स्थान निर्माण झाले असते. हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु ओळखीसाठी पत्त्याहून निराळी स्थिर खूण नोंदविण्यास नामसेवेची गरज नव्हती.

अभ्यासकांनी यातून व्यावहारिक बोध घ्यावा. सर्व्हरचे पत्ते फाइलप्रणालीच्या संपूर्ण आयुष्याकरिता राखून ठेवावेत. राउटर मध्ये असल्यास मार्ग दोन्ही बाजूंना लिहावा. जाण्याची वाट लिहून परतीची विसरल्यास संदेश पोहोचतो, उत्तर पोहोचत नाही. आणि नवी प्रणाली रचताना प्रथम हा प्रश्न विचारावा : आपण यंत्रास नाव देत आहोत, की केवळ त्याचे ठिकाण सांगत आहोत?