सिंहासनाशी थांबणारी गोष्ट

वीर स्टेशनात उतरलेली शाळेची सहल महाडवरून रायगडावर जाते. गडावर मुलांना राज्याभिषेक सांगतात, हिरकणी सांगतात, टकमक टोकापाशी जपून उभे राहायला सांगतात. याच गडावर दोन कोवळे राजपुत्र राजकारणाच्या कात्रीत सापडले होते, ही गोष्ट सहसा राहून जाते. १६८० च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवले गेले आणि जूनमध्ये गड थोरल्या भावाच्या, संभाजी महाराजांच्या, हाती गेला. नऊ वर्षांनी, संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, मोगलांचा वेढा पडला. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम निसटले, त्या स्वतः मात्र मुलाला घेऊन गडावर राहिल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि माणगावजवळच्या गांगवलीत जन्मलेले सात वर्षांचे शाहू आईबरोबर औरंगजेबाच्या छावणीत गेले.

दहा ते चौदा वयाच्या वाचकासाठी काळोख्या अद्भुताची याहून भारी सामग्री कुठे मिळेल? तरीही मराठीत त्या जातीची कुमार कादंबरी जवळजवळ नाही. जे अद्भुत आहे ते राजपुत्राला सिंहासनापर्यंत पोचवते आणि थांबते. सत्ता हाती आलेल्या मुलाचे काय होते, त्याला रात्री झोप लागते का, तो कुणावर विश्वास ठेवतो, हे आपण मुलांना सांगितलेलेच नाही.

परंपरा नव्हती असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांत कपट, कैद, वियोग सगळे होते. नाथमाधवांची 'वीरधवल' तर पुढच्या पिढ्यांतल्या मुलांनी आपलीच मानून वाचली. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली अधू झालेल्या या लेखकाने अंथरुणावरून भुयारे आणि गुप्त दरवाजे उभे केले. त्या काळोखाला वजन आहे. पण त्यातली माणसे वयाने आणि सद्गुणांनी तयार झालेली असतात, शंका त्यांच्या मनाला फारशी शिवत नाही.

मुलांसाठी खरा अंधार मराठीत आला तो मद्रासहून. 'चांदोबा' मासिक १९५२ पासून मराठीत निघू लागले. त्यातल्या दासरि सुब्रह्मण्यम यांच्या तेलुगू धारावाहिकांतले मांत्रिक, चित्रकार चित्रा यांनी काढलेल्या दऱ्या, चित्रकार शंकर यांचा खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम पाहत आपल्याकडची मुले मोठी झाली. विक्रम-वेताळाची चौकट मला अजूनही अजोड वाटते. राजाने उत्तर ठाऊक असून गप्प राहायचे तर डोक्याची शकले होणार, बोलायचे तर पुन्हा स्मशानाची वाट धरायची. राज्यकर्त्याची कोंडी इतक्या थोडक्यात कुणी मांडली? मात्र विक्रम प्रौढ आहे. धारावाहिकांतले तरुण नायक राज्य मिळाले की संपतात.

भा. रा. भागवतांनी उजेडाची बाजू धरली. फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून धावतो आणि गुन्हेगाराला पकडतो. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, साहसाची हवा मोकळी केली. हे ऋण मोठे आहे, पण त्या हवेत भूत टिकत नाही.

रत्नाकर मतकरींनी भीतीची नस अचूक पकडली, तीही रंगभूमीवर. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी साकारली. ती घाबरवता घाबरवता हसवते, मूल खुर्चीत आक्रसते आणि पुढच्या क्षणी ओरडून तिला उत्तर देते. छापील पानावर ही हिंमत उतरली नाही, याचे मला फार वाईट वाटते. मतकरींची गूढकथा आणि नारायण धारपांची भयकथा मोठ्यांच्या कपाटात राहिली. मुलांनी ती चोरून वाचली.

भूक होतीच. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद घरोघरी गेले. २०२४ मध्ये कोकणातला मुंजा मोठ्या पडद्यावर आला तो हिंदीतून. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे २०१७ च्या 'फास्टर फेणे' चित्रपटाचेही दिग्दर्शक. मुंजा हे मुलाचेच भूत, पण गोष्ट मोठ्यांसाठी झाली.

अडचण मला समजते. छत्रपतींच्या घराण्यातले मूल घाबरले, चुकले, आईवर रागावले असे लिहिताना लेखकाचा हात थरथरतो. अद्भुतकथा यातूनच तर वाट काढून देते. गडाचे नाव बदला, राजवंश कल्पनेतला घ्या, सावित्री नदीच्या खोऱ्यातला चकवा, वेताळ आणि राखणदार त्यात येऊ द्या. मुलांना हे झेपणार नाही, ही सबब तर या महाड तालुक्यात कुणी देऊच नये. २२ जुलै २०२१ ला इथल्या तळिये गावावर दरड कोसळली. इथल्या मुलांनी तेव्हा जे ऐकले, पाहिले, त्यापुढे कुठल्याही कादंबरीतला राक्षस सौम्य आहे. त्यांना भीतीला आकार देणारी गोष्ट हवी आहे.

शाहूंच्या आयुष्यात तो आकार तयार आहे. छावणी म्हणजे कापडी भिंतींचे, मुक्कामामागून मुक्काम सरकणारे शहर. ज्याने वडिलांना मारले तोच बादशहा मुलाला 'राजा' हा किताब आणि सात हजारी मनसब देतो. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा त्याला जीव लावते. या मायेचे मुलाने काय करायचे? अठरा वर्षांनी, १७०७ मध्ये, सुटका होते तेव्हा राजारामांच्या पत्नी ताराबाईंचा पक्ष म्हणतो की हा तोतया आहे. सात वर्षांचा असताना गेलेला मुलगा पंचविशीत परत येतो आणि आपण आपणच आहोत हे त्याला पटवून द्यावे लागते. सरदार परसोजी भोसले त्याच्याबरोबर एका ताटात जेवले आणि मग सरदारांची खात्री पटली, असे सांगतात. कुमार कादंबरी लिहिणाऱ्याने सुरुवात या ताटापासून करावी, आणि जेवणाऱ्या त्या तरुणाला स्वतःची खात्री होती का, हे शोधत मागे जावे.