स्थपतीचे डोळे आणि स्थपतीचे नाव

जगातील प्रसिद्ध वास्तूंविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी जे लेखन होते, त्यात वास्तूच्या घडणीपेक्षा तिच्याभोवती जमलेल्या कथांनाच अधिक जागा मिळते. या कथांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. कोणी त्या इतिहास म्हणून स्वीकारतो, तर कोणी भाकडकथा म्हणून टाकून देतो. दोन्ही रीतींत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो : अशी कथा रूढ झाल्यामुळे कोणती माहिती झाकली जाते? अपूर्व वास्तू उभारणाऱ्याला मिळालेल्या शिक्षेची जी कथा देशोदेशी आढळते, तिचा या प्रश्नाच्या अनुरोधाने येथे विचार करावयाचा आहे.

या कथेचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे मॉस्कोच्या लाल चौकातील संत वासिलीचे कॅथीड्रल. १५५२ मधील काझानच्या विजयाप्रीत्यर्थ झार चौथा इव्हान याने ते १५५५ ते १५६१ या काळात बांधविले. काम पुरे झाल्यावर अशी वास्तू पुन्हा कोठे होऊ नये म्हणून झारने स्थपतीचे डोळे काढविले, अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकात मॉस्कोला आलेल्या आदाम ओलेआरिउस या जर्मन प्रवाशाने ती नोंदविली आहे; समकालीन रशियन साधने मात्र या शिक्षेविषयी मौन पाळतात. त्यांत जे मिळते ते निराळेच आहे. एका बखरवजा वृत्तांतात पोस्तनिक आणि बार्मा या दोन कारागिरांची नावे येतात. उलट, एका हस्तलिखितातील नोंदीवरून काही संशोधकांनी असे प्रतिपादिले, की पोस्तनिक हे नाव आणि बार्मा हे टोपणनाव एकाच व्यक्तीचे असावे. शिवाय, पोस्तनिक याकोव्लेव नावाच्या प्स्कोवच्या कारागिराने २०० पाथरवटांसह काझानचा किल्ला बांधण्यास जावे, अशी आज्ञा १५५५ च्या डिसेंबरात निघालेली आहे. हा पोस्तनिक मॉस्कोचाच की दुसरा, याविषयी मतभेद आहेत. खरा संशोधनविषय आहे तो हा. स्थपती एक की दोन, तो कोठून आला, त्याने आणखी काय बांधले, हे प्रश्न डोळे काढण्याच्या कथेने बाजूस सारले आहेत.

आता हीच कथा अन्यत्र पाहू. प्राग येथील जुन्या नगरगृहावरील खगोलीय घड्याळाचा निर्माता हानुश याला नगरपालांनी आंधळे केले, असे सांगतात. आग्र्याला ताजमहालाच्या कारागिरांचे हात शाहजहानने तोडविले, असे सांगतात. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांचे जे विश्लेषण केले, त्यात पात्रे बदलली तरी त्यांची कार्ये स्थिर राहतात, हे दाखविले होते. ते तत्त्व येथे सहज लागू पडते. वाक्यरचना कायम ठेवून पदे बदलावीत, तद्वत झारच्या जागी बादशहा किंवा नगरपाल येतो, डोळ्यांच्या जागी हात येतात; परंतु ‘असे पुन्हा होऊ नये’ हा हेतू अचल राहतो. कृतीचे अनन्यत्व सांगण्याची ही एक भाषा आहे. जी कथा इतक्या ठिकाणी जशीच्या तशी बसते, ती त्यांपैकी कोणत्याही एका ठिकाणचा पुरावा होऊ शकत नाही.

साचा ओळखला म्हणजे त्याखाली काय दडले आहे, हेही दिसू लागते. प्रागचे घड्याळ १४१० मध्ये कादान्य येथील मिकुलाश याने घडविले. १५७० मध्ये घड्याळाची देखभाल करणाऱ्या यान ताबोर्स्की याने त्याचे श्रेय हानुशला दिले आणि मिकुलाशचे नाव मागे पडले. १९६१ मध्ये १४१० चा दस्तऐवज उजेडात आला, तेव्हा कोठे ते पुन्हा प्रस्थापित झाले. म्हणजे आख्यायिकेने ज्याचे डोळे काढले, तो त्या घड्याळाचा मूळ निर्माताच नव्हता. आग्र्याला तर सुलेखनकार अमानत खान याची स्वाक्षरी ताजमहालावर आजही वाचता येते. उस्ताद अहमद लाहोरी हा ताजचा आणि दिल्लीच्या लाल किल्ल्याचाही स्थपती होता, असे त्याचा मुलगा लुत्फुल्ला याच्या काव्यात नमूद आहे. हात तोडण्याची कथा सर्वतोमुखी आहे. ही दोन नावे मात्र किती थोड्यांना ठाऊक आहेत!

यावर असा आक्षेप येईल, की कथा खोटी असली तरी सत्ता आणि कारागीर यांच्या नात्याचे सत्य ती सांगते. हे अंशतः मान्य करावयास हवे. परंतु इव्हानचे क्रौर्य दाखवावयाचे असल्यास १५७० मधील नोव्हगोरोदचा संहार पुरेसा आहे. त्यासाठी कल्पित शिक्षेची गरज नाही. शिवाय या कथेत कारागीर केवळ बळी म्हणून उरतो. त्याचे गाव, त्याचे शिक्षण, त्याची इतर कामे यांना तीत स्थान नाही.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाच्या कथेने या साच्याला जे वळण दिले, ते आपल्याला अधिक जवळून झोंबणारे आहे. विलायती स्थपतीने आराखडा दिला, एतद्देशीय कामगारांना तो कळला नाही, त्यांनी इमारत उलट्या तोंडाची बांधली आणि ते पाहून स्थपतीने आत्महत्या केली, असे सांगतात. येथे राजा नाही, म्हणून शिक्षा स्थपती स्वतःलाच देतो. वस्तुस्थिती अशी, की या हॉटेलाचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. १९०० मध्ये वैद्य यांचे निधन झाल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले आणि १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल उघडले. मुख्य प्रवेश शहराच्या बाजूस होता, तो योजनेनुसार. तेव्हा या कथेत दुहेरी अन्याय आहे : एतद्देशीयांनी केलेली रचना ती परकीयाच्या नावावर टाकते आणि वर अज्ञानाचा दोष एतद्देशीयांच्याच माथी मारते. मराठी माणसेही ती कौतुकाने सांगतात, यावरून साच्याचे सामर्थ्य ध्यानी यावे.

म्हणून वास्तुविषयक आख्यायिकेच्या अभ्यासकाने तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. कथा प्रथम केव्हा व कोणी नोंदविली; तीच कथा आणखी कोठे आढळते; आणि कथेतील निर्मात्याचे नाव दस्तऐवजातील नावाशी जुळते की नाही. यांतील तिसरी कसोटी आपल्याकडे सर्वांत कमी वापरली जाते. कथा टाकून देण्याचे कारण नाही. ती लोकवाङ्मयाच्या वहीत राहावी. वास्तूच्या परिचयात मात्र पहिला मान पोस्तनिक, मिकुलाश, अहमद लाहोरी आणि वैद्य या नावांचा आहे.