परमाणु आणि अणु : एका मताचें परीक्षण

अर्वाचीन पदार्थविज्ञानांतील अणु कणादमुनींस ठाऊक होता, असें मत पुष्कळ लेखांतून मांडण्यांत येतें. कणादांविषयीं आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. परंतु नामसाम्य हा वस्तुसाम्याचा पुरावा नव्हे.

वैशेषिकांचा परमाणु निरवयव व नित्य आहे. उलट, १८९७ सालीं टॉमसन यांनीं इलेक्ट्रॉन दाखविला, तेव्हांच अर्वाचीन अणूचें निरवयवत्व संपलें. १९०९ मध्यें मँचेस्टर येथें गायगर व मार्सडेन यांनीं धातूच्या पातळ पत्र्यांवर आल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले, क्वचित् एखादा मागें फिरला. त्यावरून १९११ सालीं रदरफोर्ड यांनीं अनुमान केलें कीं, अणूचें बहुतेक वस्तुमान अत्यंत लहान केंद्रकांत एकवटलें आहे. नायट्रोजनच्या केंद्रकांतून हायड्रोजनचें केंद्रक बाहेर पडतें, हें त्यांनींच १९१९ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां नित्यत्वहि गेलें.

मग साम्य उरलें केवळ शब्दांत; आणि तो शब्दहि भाषांतरकारांनीं निवडलेला! मराठींत ज्यास अणु म्हणतात त्यास हिंदींत परमाणु म्हणतात, आणि हिंदींतील अणु तो आपला रेणु.

अवयवविभाग कोठेंच न थांबेल, तर मेरु व मोहरी यांचें परिमाण सारखेंच ठरेल, हा वैशेषिक परंपरेचा युक्तिवाद मार्मिक आहे. तो तर्काचा विजय होय, प्रयोगाचा नव्हे. ही थोरवी त्या परंपरेची स्वतःची मिळकत आहे. रदरफोर्डांच्या उसन्या अलंकारांनीं ती वाढत नाहीं, उलट झांकली जाते, असें आमचें नम्र मत आहे.